पहिली दहा मिनिटे

२९ मे २०२५ रोजी 'तारिणी' ही नौदलाची शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुरगाव बंदरात परतली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी आठ महिन्यांत पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैलांचा प्रवास केला, आणि तोही सुमारे १७ मीटर लांबीच्या, गोव्यातच बांधलेल्या नौकेतून. त्यांचे जे कौतुक झाले ते यथायोग्यच होते. परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखविली नाही. नौकेवर माणसे दोनच, तेव्हा एकीने विश्रांती घेतली की दुसरीने डेकवर एकटीने राहावयाचे. त्या एकटीचा पाय घसरला असता तर? सुकाणू सांभाळणारे यंत्र नौकेला ठरल्या दिशेने नेतच राहिले असते, आणि आत झोपलेल्या सहकारिणीस जाग येईपर्यंत ती कित्येक मैल पुढे गेली असती. त्यांच्या मार्गावर पॅसिफिक महासागरातील नेमो बिंदू लागला. तेथून सर्वांत जवळची जमीन २,६८८ किलोमीटर दूर आहे. तेथे हाक मारावयाची कोणाला?

अशा सफरीवर निघणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असते. हाक मारून उपयोग नाही; तेव्हा पडावयाचेच नाही. म्हणून डेकवर पाऊल टाकण्यापूर्वी अंगातल्या पट्ट्याची दोरी नौकेच्या दोराला अडकविणे हा त्यांचा नित्यनेम असतो.

आम्ही हा विषय काढतो तो केवळ दर्यावर्दींच्या गुणगानासाठी नव्हे. दर वर्षी १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, मालिम, कुटबण, खारीवाडा, शापोरा येथून नौका बाहेर पडतात, आणि मग वर्षभर अधूनमधून तीच ती तीन ओळींची बातमी येत राहते. ट्रॉलरवरील खलाशी तोल जाऊन समुद्रात पडला. तटरक्षक दलाकडून शोध सुरू. दुसऱ्या दिवशी शोध जारी. चौथ्या दिवशी बातमीच नसते. ती वाचताना सामान्य वाचकाची समजूत अशी होते की माणूस पडला, आता सरकारी जहाजे आणि हेलिकॉप्टर त्याला शोधतील. ही समजूतच मुळात चुकीची आहे. पडलेल्या माणसाला वाचवितात ते बहुतेक वेळा त्याच्याच नौकेवरचे सोबती, आणि तेही पहिल्या काही मिनिटांत. ती मिनिटे हातची गेली की पुढे सुरू होते ते शोधकार्य.

माणूस पाण्यात पडणे म्हणजे नेमके काय, याची कल्पना किनाऱ्यावर जन्म काढणाऱ्यांनाही पुष्कळदा नसते. नारळी पौर्णिमेस आपण सागराला नारळ अर्पण करतो. पुढच्या खेपेस तो नारळ हातातून सुटल्यावर जरा न्याहाळून पाहावा. वीस-पंचवीस हातांवर गेला की तो लाटेआड होतो, पुन्हा दिसतो, पुन्हा नाहीसा होतो. शंभर हातांवर तो आहे की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पाण्यात पडलेल्या माणसाचे वर राहते ते केवळ डोके, आणि ते नारळाहून फारसे मोठे नसते. आता नौकेचा वेग लक्षात घ्या. सहा नॉट हा काही मोठा वेग नव्हे. पण त्या वेगाने नौका मिनिटाला १८५ मीटर जाते. गोंधळात पाच मिनिटे गेली तर जवळजवळ एक किलोमीटरचे अंतर पडले. एक किलोमीटरवर लाटांत तरंगणारा नारळ कोणाला दिसला आहे?

शिडाच्या नौकेची अडचण आणखी निराळी. इंजिनाची नौका वळवून सरळ मागे आणता येते. शिडाच्या नौकेला वारा देईल तीच वाट. वारा पाठीशी घेऊन जाताना माणूस पडला, तर परत येताना तोच वारा तोंडावर येतो, आणि वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीही शिडाची नौका चालत नाही. तिला नागमोडी वळणे घेतच यावे लागते. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या गलबतांची तर याहून कठीण अवस्था असे. त्यांचे तिरपे शीड लांबलचक परमाणावर बांधलेले असे आणि दिशा बदलावयाची म्हणजे ते परमाण डोलकाठीच्या दुसऱ्या अंगाला न्यावे लागे. भर वाऱ्यात ते काम चार-सहा माणसांचे. तेवढ्या वेळात पडलेला माणूस कोठल्या कोठे गेलेला असे. समुद्राला जायचा तो जायचाच, अशी एक समजूत आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या रुजली आहे, ती यातूनच आली असावी. त्या काळी ती समजूत म्हणजे निरुपायाने केलेले समाधान होते. आज निरुपाय उरलेला नसताना ती तशीच चालू ठेवणे याला आम्ही श्रद्धा म्हणणार नाही.

या संकटाविषयी जगभरच्या दर्यावर्दींनी काही शिस्त घालून दिली आहे आणि ती कोणालाही समजण्याजोगी आहे. ज्याने पडताना पाहिले त्याने प्रथम ओरडावयाचे. मग एका माणसाने पडलेल्याकडे हात लांब करून बोट रोखावयाचे, आणि काहीही झाले तरी नजर काढावयाची नाही. त्या माणसाला दुसरे कोणतेही काम सांगावयाचे नाही. शीड फाटो, दोर तुटो, त्याने मान वळवावयाची नाही, कारण एकदा हरवलेले डोके पुन्हा सापडेलच याची खात्री नसते. त्याच क्षणी दुसऱ्याने हाताला लागेल ते तरंगणारे पाण्यात टाकावयाचे. तरंडे असेल तर तरंडे, नाही तर रिकामा डबा, फळी, उशी. या वस्तूंचा आधार त्या बुडणाऱ्याला होतोच. पण शोधणाऱ्याला त्याहून अधिक होतो, कारण पाण्याची ओढ कोणीकडे आहे हे त्यांच्यावरून कळते. तिसऱ्याने उपग्रह-दिशादर्शक यंत्राची कळ दाबून ती जागा नोंदवावयाची.

नौका वळविण्याच्या पद्धतीविषयी जाणकारांत मतभेद होते आणि आजही ते पूर्ण मिटलेले नाहीत. जुने शिक्षक सांगत, थोडे पुढे जा, नौका ताब्यात घ्या आणि वळसा घालून सावकाश परत या. यात नौका सुरक्षित राहते. पण माणूस नजरेआड जाण्याचा धोका वाढतो. नंतर पुढे आलेली रीत अशी की एक क्षणही न दवडता नौकेचे तोंड वाऱ्यात घालावयाचे, शिडे सुटतील तशी सुटू द्यावयाची, पण दूर जावयाचे नाही. माणसाच्या भोवतीच लहान घेर घ्यावयाचा. आमच्या मते, जेथे हाताशी माणसे आहेत तेथे ही दुसरी रीत निःसंशय श्रेयस्कर.

नौका जवळ आली म्हणजे काम झाले असेही नाही. सत्तर-ऐंशी किलो वजनाचा, भिजलेल्या कपड्यांनिशी दमलेला माणूस हातभर नव्हे तर पुरुषभर उंचीच्या कडेवरून वर ओढून घेणे दोघातिघांनाही जमत नाही. अमेरिकेतील सिएटल येथील दर्यावर्दींनी १९८० च्या दशकाच्या आरंभी या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. लहान नौकांवर पुष्कळदा नवराबायको दोघेच असतात. नवरा पडला तर बायकोने त्याला एकटीने वर कसे घ्यावे? त्यांनी एक तरंगते कडे लांब दोराला बांधून नौकेच्या मागे सोडण्याची युक्ती काढली. नौका माणसाभोवती गोल फिरते, दोर आपोआप त्याच्यापाशी येतो, तो कडे काखेत अडकवितो, आणि मग शीड चढविण्याच्याच कप्पीने त्याला वर उचलता येते. यात नवे यंत्र काहीच नाही. असलेल्या वस्तूंचा आधी विचार करून ठेवला, एवढेच.

या शिस्तीची कसोटी दोन घटनांत दिसते. २०१४ च्या मार्चअखेरीस पॅसिफिक महासागरात, चीनहून अमेरिकेकडे जाणाऱ्या शर्यतीत, अँड्र्यू टेलर हा ब्रिटिश खलाशी शीड बदलताना पाण्यात पडला. वारा वादळी, पाणी थंड आणि लाटा अशा की काही क्षणांतच तो दिसेनासा झाला. परंतु त्याच्या अंगात पाणी आत न येऊ देणारा पोशाख व जॅकेट होते, आणि एक लहानसे रेडिओ-यंत्र होते. त्या यंत्राचा संकेत नौकेवर मिळाला आणि दीड तासाहून अधिक काळ पाण्यात काढलेला हा माणूस जिवंत वर घेण्यात आला. त्यानंतर चार वर्षांनी, २६ मार्च २०१८ रोजी, दक्षिण महासागरात केप हॉर्नच्या पश्चिमेस सुमारे १,४०० सागरी मैलांवर जॉन फिशर पडला. डेकवर एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना त्याने सुरक्षा-दोरी सोडली होती, आणि नेमक्या त्याच क्षणी मोठे शीड झटक्याने एका बाजूकडून दुसरीकडे फिरले. त्याच्या दोरखंडाचा तडाखा बसून तो बाहेर फेकला गेला. सोबत्यांनी तरंडी टाकली, नौका कशीबशी ताब्यात आणली, माघारी येऊन कित्येक तास शोध घेतला. ना तो सापडला, ना तरंडी. शर्यतीतील इतर नौका वाऱ्याच्या दिशेने सुमारे दोनशे मैल पुढे गेल्या होत्या. त्या वादळात त्यांना उलट येणे शक्य नव्हते. आठ कसलेले माणसे, उत्तम साधने, आणि तरीही हे घडले. दोरी सोडलेली होती ते क्षण किती असतील?

फ्रान्सचा एरिक ताबार्ली हा विसाव्या शतकातील मोठ्या दर्यावर्दींपैकी एक. जून १९९८ मध्ये आयर्लंड आणि वेल्सच्या दरम्यान, रात्री शीड बदलताना आडकाठीचा धक्का लागून तो समुद्रात पडला आणि गेला. अंगात जॅकेट नव्हते, दोरीही नव्हती. अनुभव हे कवच नव्हे, हे सांगण्यासाठी याहून थोर माणसाचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. उलट, दोरी अडकविली म्हणजे सारे झाले असेही समजू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये एका शर्यतीच्या नौकेवरून पडलेल्या खलाशाची दोरी बांधलेलीच होती; पण तिचा आकडा डेकवरील लोखंडी खुंटीखाली अडकून वाकला आणि सुटला. अर्ध्या तासाने त्याला वर काढले तेव्हा तो मृत झालेला होता. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने त्या आकड्याची शास्त्रीय तपासणी केली आणि एका माणसाच्या मृत्यूतून जगभरच्या नौकांना इशारा मिळाला. एका खलाशाच्या मृत्यूची अशी चौकशी आपल्याकडे कधी होते काय?

शोधकार्याच्या थोरवीचा एक दाखला गोमंतकीयांच्या परिचयाचा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये कमांडर अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली 'थुरिया' ही नौका हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात सापडली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. पर्थपासून ते सुमारे १,९०० सागरी मैल दूर होते. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रे हाती घेतली, मॉरिशसहून उडालेल्या भारतीय नौदलाच्या विमानाने नौका पाहिली आणि तिसऱ्या दिवशी 'ओसिरिस' या फ्रेंच मत्स्यरक्षक जहाजाने त्यांना उचलले. हेच टॉमी २०२३ मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले. या घटनेचा अभिमान अवश्य बाळगावा. पण टॉमी नौकेत होते, नौका कोठे आहे हे उपग्रह सांगत होता, आणि ते स्वतः संदेश पाठवू शकत होते. तीन दिवस थांबणे त्यामुळे शक्य झाले. पाण्यातल्या डोक्याला तीन दिवसांची मुदत नसते.

आता आपल्या पाण्याकडे वळू. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यासाठी एक हिशेब सांगितला आहे: पहिले मिनिट श्वास आवरण्याचे, पुढची दहा मिनिटे हातपाय कामी येण्याची, आणि सुमारे एक तास शुद्ध हरपण्यापूर्वीचा. अरबी समुद्र असा निष्ठुर नाही. गोव्याच्या किनाऱ्यालगतचे पाणी बहुतेक काळ सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. येथे माणूस गारठून तासाभरात मरत नाही. तो थकून बुडतो. म्हणजेच अंगात जॅकेट असेल तर तो एक रात्र, कदाचित दुसरा दिवसही काढू शकेल. दक्षिण महासागरात जॅकेट घातलेला माणूस गेला आणि गोव्याच्या उबदार पाण्यात जॅकेट नसलेला माणूस जातो, या दोन मृत्यूंत केवढे अंतर आहे! पहिल्या ठिकाणी माणसाचे उपाय थकले होते. दुसऱ्या ठिकाणी ते करून पाहिलेलेच नसतात.

आमच्या ट्रॉलरवर जॅकेटे नसतात असे आम्ही म्हणत नाही. ती असतात, केबिनच्या वर किंवा फळीखाली दोरीने बांधून ठेवलेली असतात आणि तपासणीस आलेल्याला मोजून दाखविता येतात. पडणारा माणूस मात्र रिकाम्या अंगानेच पडतो. आणि तो पडतो केव्हा? जाळे ओढताना पडतो हे खरे; पण रात्री, सगळे झोपले असताना, देहधर्मासाठी नौकेच्या कडेशी गेलेला असतानाही पडतो, कारण बहुतेक नौकांवर शौचाची धड सोय नसते. हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु ज्या गोष्टीने माणसे मरतात ती लिहिण्यास वृत्तपत्राने संकोच करू नये. असा माणूस केव्हा पडला हेच कोणाला ठाऊक नसते. पहाटे चहाच्या वेळी तो सापडत नाही, तेव्हा शोध सुरू होतो. पाण्याची ओढ आणि वारा यांचा हिशेब करून शोधाचे क्षेत्र ठरवितात, आणि गेलेला वेळ दुप्पट झाला की ते क्षेत्र साधारण चौपट होते. पाच तासांपूर्वी पडलेल्या माणसासाठी तटरक्षक दलाने कितीही विमाने उडविली तरी त्यांना दोष देता येणार नाही. १५५४ हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे, रेडिओवरील सोळावी वाहिनी आहे. पण तेथे सांगावयाचे काय, तर माणूस रात्रीतून केव्हातरी, कोठेतरी पडला.

ट्रॉलरमालकांची बाजूही ऐकली पाहिजे. जाड जॅकेट घालून जाळे ओढता येत नाही, ते दोरात अडकते, उन्हात जीव गुदमरतो, ही तक्रार खोटी नाही. मागे जाळे सोडलेले असताना ट्रॉलर एकदम वळविता येत नाही, हेही खरे. परंतु कामाच्या वेळी घालता येतील अशी पातळ, पडल्यावर फुगणारी जॅकेटे बाजारात आहेत. ती महाग आहेत. एका फेरीला जेवढे डिझेल जळते त्याच्या तुलनेत ती किती महाग आहेत, याचा हिशेब मालकांनी स्वतःच करावा. आणि रात्री नौकेच्या कडेने छातीइतक्या उंचीचा एक दोर ताणून बांधणे, पाळी बदलताना माणसे मोजणे, कडेशी जाणाऱ्याने एकाला उठवून जाणे, यांना तर पैसाही लागत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख मासेमारी नौकांवर संदेशयंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. ही योजना चांगलीच आहे. पण ते यंत्र नौकेवर असते, पाण्यात पडलेल्या माणसाच्या अंगावर नसते.

सरकारने काय करावे असे कोणी विचारील. नवे महामंडळ नको, समितीही नको. मांडवीच्या उत्तर तीरावर वेरें येथे आयएनएस मांडवीत नौदलाचे सागरी शिडनौकांचे केंद्र आहे. पृथ्वीप्रदक्षिणेच्या सफरींची तयारी तेथेच झाली. त्याच तीरावर, फार दूर नव्हे, मालिमची जेटी आहे. समुद्रात पडलेल्या माणसाला कसे वाचवावे हे देशात ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक आहे ते आणि ज्यांना त्याची सर्वांत अधिक गरज आहे ते, शेजारी शेजारी राहतात. मत्स्योद्योग खात्याने मध्ये पडून या दोघांची गाठ घालून द्यावी.

'तारिणी' हे नाव ओडिशातील गंजाम जिल्ह्यातल्या तारातारिणी या देवस्थानावरून ठेवलेले आहे. दर्यावर जाणाऱ्या नाविकांची आणि व्यापाऱ्यांची ती रक्षणकर्ती देवी. गोव्याच्या ट्रॉलरवर राबणाऱ्या खलाशांत पुष्कळजण त्याच ओडिशातून येतात. त्यांतला एखादा येथे पाण्यात पडला आणि प्रेत मिळाले नाही, तर त्याच्या घरी केवळ निरोप जातो. बेपत्ता माणूस मृत धरण्याचा कायद्यातील सर्वसाधारण नियम सात वर्षांचा आहे. तोवर मृत्यूच्या दाखल्यासाठी, विम्यासाठी त्याच्या बायकोने कोणाचे उंबरठे झिजवावयाचे? पंचनामा एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, आणि भाषा तिसरीच. निदान पडल्याची वेळ, जागा आणि सोबत्यांचे जबाब त्याच दिवशी नोंदवून त्यांची प्रत त्या कुटुंबाकडे पोचेल, एवढी व्यवस्था जेटीवर व्हावयास हवी.

बंदीचे दोन महिने नौका बंदरातच असतात. जुलैच्या अखेरीस एके सकाळी प्रत्येक ट्रॉलरने खाडीच्या तोंडाशी जावे, जुन्या जॅकेटात वजन भरून केलेला एक बाहुला तांडेलाला न सांगता पाण्यात टाकावा, आणि घड्याळ लावून तो परत वर काढावा. किती मिनिटे लागली तो आकडा मत्स्योद्योग खात्याच्या अधिकाऱ्याने त्या नौकेच्या परवान्यावर लिहावा, आणि दहाच्या वर गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे.